हमीद सरांचं जाहीर वाचन

हमीद सरांनी माझ्या दुकानातली पाटी उतरवली, तिथून आमची ओळख. जालन्यात मस्तगडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरमागे मी झोकात एक पाटी लावली होती: ‘नियमाप्रमाणे, एकदा काढलेली प्रत परत घेतली जाणार नाही. हुकमावरून.’ एका दुपारी एक उंच, वाळकुडे गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. त्यांनी कागद माझ्या हातात दिले आणि पाटी वाचली. मग पुन्हा वाचली, या वेळी मोठ्यांदा.

“बेटा, कोणत्या नियमाप्रमाणे?”

मला वाटलं, म्हातारबुवा चेष्टा करतायत. ते म्हणाले, “न्हाई, खरंच इचारतो. नियम असंल तर मला पाहायचाय. मी आजवर मोडत आलो असंल तर बंद करतो.”

नियम कुठला दाखवणार? मी कागद मशीनवर ठेवला. त्यांनी पुढं विचारलं, “आणि हुकूम कुणाचा?”

“माझाच,” मी म्हणाले.

“मंग तसं लिही. ‘वंदनाच्या हुकमावरून.’ बाहेर दुकानावर नाव हाय ना तुझं? लोक बराबर ऐकतील.”

दुकानातली गिऱ्हाईकं हसायला लागली. माझं डोकं सणकलं होतं, पण ते गेल्यावर मी स्टुलावर चढून ती पाटी काढली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, रिकामी भिंत पाहिली आणि एक शब्द बोलले नाहीत. म्हणून मी त्यांना चहा पाजला.

सर एका तंत्रशाळेत यंत्रांची ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. छापलेलं काही दिसलं की वाचायचं, आणि वाचायचं म्हणजे मोठ्यांदा, हा त्यांचा खाक्या. औषधाच्या डबीतला तो घडी घातलेला पातळ कागद असतो ना, जो आपण उघडल्या उघडल्या फेकतो, तो ते मेडिकलच्या पायरीवर बसून पुरा वाचायचे. एसटीच्या तिकिटाची मागची बाजू वाचायचे. लग्नाच्या पत्रिकेत छापखान्याचं नाव आल्याशिवाय पत्रिका खाली ठेवायचे नाहीत. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे भाभी म्हणायचो. भाभी एकदा माझ्याकडे रेशनकार्डाची प्रत काढायला आल्या आणि नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, “दुनिया भर का पढ़ते. मैं बोली तो कान में जाता नै.” सर तेव्हा माझ्या मशीनवरचा सूचनांचा स्टिकर वाचत होते.

ते सगळ्यांना बेटा म्हणायचे. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले न्हावीसुद्धा त्यांचे बेटाच होते. खिशात भाभींनी शिवलेल्या कापडी म्यानात स्टीलची एक पट्टी असे. कुणी ‘अंदाजे वीतभर’ म्हणालं की म्यान उघडलंच म्हणून समजा. माझ्या काउंटरची उंची, माझ्या दुकानाच्या पायऱ्या, सगळं त्यांचं मोजून झालं होतं. एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच निघाली तेव्हा मला कळलं, सगळी माणसं तिथंच का ठेचकाळतात ते. मी गवंडी बोलावून ती नीट करून घेतली.

त्यांच्या वर्गातली एक गोष्ट गणेश खरातनं मला सांगितली. गणेश त्यांचा विद्यार्थी. परीक्षेआधी सर वर्गाच्या दारावर एक कागद डकवायचे. कोणत्या चुकीला किती गुण कापणार, ते त्यावर लिहिलेलं असायचं. रेघ जाड झाली तर इतके, माप लिहायचं राहिलं तर इतके. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, हे काय चाललंय, मुलं फक्त गुण वाचवायला शिकतील. सर म्हणाले, “साहेब, रेघ बारीक काढून गुण वाचवतील तर वाचवू द्या की. बारीक रेघच तर पाहिजे मला.” कागद दारावर राहिला. गणेश म्हणतो, त्या कागदाची भीती वाटायची, पण सरांची कधी वाटली नाही.

पुढं ज्यात सगळा शहराबाहेरचा रस्ता गुंतला, ते प्रकरण या गणेशचंच.

गणेश शिकून लोखंडाच्या मिलमध्ये लागला होता. आमच्या जालन्यात सळ्यांच्या मिला पुष्कळ, आणि तिथं भट्टीसमोर उभं राहायचं काम म्हणजे उन्हाळ्यात आणखी एक उन्हाळा. त्याला दोनदा तिथंच चक्कर आली. डॉक्टरांनी बजावलं, भट्टी सोड, नाहीतर एखाद्या दिवशी तापल्या सळईवर पडशील. त्यानं नोकरी सोडली आणि शहराबाहेर, ट्रॉलीवाल्यांची शेडं आहेत त्या रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं शेड टाकलं. पहिली ट्रॉली अंबडकडच्या एका शेतकऱ्याची. तिच्या पाठीमागच्या फाळक्यावर गणेशनं लाल अक्षरात स्वतःचं नाव रंगवलं होतं. ही ट्रॉली रस्त्यावर आली तर धंदा सुरू, आणि नाही आली तर परत भट्टी, इतकं ते सरळ होतं. त्याच्या बायकोनं तर मिलचा डबा भांड्यांच्या फळीवर मागे सारून ठेवला होता, पण मोडीत दिला नव्हता.

गाड्या पास करणाऱ्या ऑफिसात तेव्हा नवे साहेब आले होते. त्यांनी टेप लावून ट्रॉलीची मागची बाजू मोजली आणि म्हणाले, “मानकाप्रमाणे नाही. मानक बघा, दुरुस्त करा, घेऊन या.”

हे मानक काय असतं ते मलाही तेव्हाच कळलं. नियमाच्या पुस्तकात असं लिहिलेलं असतं की मागचे लाल रिफ्लेक्टर अमुक क्रमांकाच्या मानकाप्रमाणे असावेत. बस, एवढंच. ते मानक म्हणजे वेगळंच पुस्तक, कुठल्याशा संस्थेनं जाणकार बसवून तयार केलेलं, आणि ते हवं तर विकत घ्यायचं. म्हणजे नियम सगळ्यांना फुकट वाचायला, पण नियमात काय आहे ते विकत. ट्रॉली बनवणाऱ्यांपैकी कुणी ते पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मग ते ट्रॉल्या कशा बनवत होते? सुतळीवर. केदारखेड्याच्या एका बागायतदाराची ट्रॉली फार वर्षांपूर्वी पहिल्या झटक्यात पास झाली होती. ती पास झाली म्हणजे ती बरोबर, असं धरून प्रत्येक नवा ट्रॉलीवाला एकदा केदारखेड्याला जाई, सुतळी जमिनीला टेकवून वर धरी आणि रिफ्लेक्टर जिथं येईल तिथं गाठ मारी. दिव्याला दुसरी गाठ. ती सुतळी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असायची, आणि तिला हात लावण्याआधी काही जण हात पुसायचे. गणेशनंही रीतसर जाऊन सुतळी आणली होती.

साहेबांनी परत पाठवल्यावर गणेशनं रिफ्लेक्टर काढून आतल्या बाजूला बसवले. परत नापास. मग थोडे वर घेतले. साहेबांनी कपाळाला हात लावला. गणेश काकुळतीला येऊन म्हणाला, “साहेब, तुम्हीच सांगा ना कुठं लावू. तुम्ही म्हणाल तिथं लावतो.”

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “तोंडी सांगणार नाही. साध्या ट्रॉलीला वेगळं आहे, आकार आडवा येत असेल तर वेगळं आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पडद्यावर दाखवलं होतं. प्रत माझ्याकडेही नाही. मी काही सांगावं, ते चुकावं, आणि तुझ्या ट्रॉलीवर अंधारात कुणी मागून येऊन आदळावं, हे मला नको.”

तिकडे शेतकऱ्याचं सोयाबीन काढणीला आलेलं. तो म्हणाला, आठवडाभर पाहतो, नाहीतर दुसरीकडून तयार ट्रॉली उचलतो. गणेश सरांना शोधत माझ्या दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. “सर, मी परत मिलवर जाऊन राह्यलो,” एवढंच म्हणाला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना रागावलेलं त्या एकदाच पाहिलं. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. “पोराला नापास करून राह्यले,” ते म्हणाले, “आणि दारावर कागद न्हाई? ज्या दिवशी नियमात त्या पुस्तकाचा नंबर घातला, त्या दिवशी ते पुस्तक सगळ्याचं झालं. ते कपाटात ठेवून कसं चालंल?” मग माझ्याकडे वळून, “वंदना बेटा, तुझ्या कम्प्युटरवर मिळतं का बघ. इकत तर इकत.”

मिळालं. सरांनी स्वतःच्या नावावर घेतलं. वेल्डरची काही दिवसांची मजुरी जावी इतकं ते महाग होतं. मी छापलं तर प्रत्येक पानावर फिकट अक्षरात सरांचं नाव, आणि खाली बारीक इशारा: याची प्रत काढू नये, दुसऱ्यास देऊ नये, इंटरनेटवर चढवू नये.

माझ्यातली दुकानदारीण जागी झाली. म्हटलं, “सर, त्या रस्त्यावर सगळ्यांनाच लागणार. काढते भराभर प्रती. कोण बघतंय?”

“मी बघून राह्यलो ना,” सर म्हणाले. “प्रत काढायची न्हाई म्हणून लिहिलंय.”

“अहो पण आत्ता तुम्हीच म्हणालात, पुस्तक सगळ्यांचं आहे.”

“ते मी भांडून म्हणंन. ज्याला सांगायचं त्याला तोंडावर सांगंन. पण चोरून न्हाई करणार.” गणेशनं हात जोडले, तरी सर ढिम्म. मला इतका संताप आला की काय सांगू. एका माणसाचा संसार टांगणीला लागलेला आणि हे बारीक अक्षरं कुरवाळत बसलेत. सरांनी तो इशारा पुन्हा वाचला, एकेका शब्दावर पेन्सिल टेकवत. मग त्यांची मान वर आली.

“वाचून दाखवू नये असं कुठंच न्हाई,” ते म्हणाले. “गणेश, तुझ्या शेडमध्ये माणसं किती बसतील?”

असं ते जाहीर वाचन सुरू झालं. माझं दुकान बंद असायच्या दिवशी मीही गेले; खरं सांगायचं तर काय फजिती होते ते पाहायला. रस्त्यावरचे सगळे ट्रॉलीवाले आले होते. कुणी लोखंडी पाट्यावर, कुणी टायरवर, नारायण मिस्त्री सगळ्यात जुने म्हणून खुर्चीवर. सर पत्र्याच्या पेटीवर उभे राहिले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. इंग्रजीतलं एक वाक्य, मग त्याचं मराठी, मग, “समजलं? आता काय समजलं ते उलट मला सांगा.” प्रस्तावना वाचली. समितीवर कोणकोणते जाणकार होते ते वाचलं.

नारायण मिस्त्री कळवळून म्हणाले, “सर, जल्दी मुद्द्यावर या. ह्यांच्या लग्नाला जायाचंय का आपल्याला?”

“ज्याचा हुकूम मानायचा त्याचं नाव तर माहीत पाहिजे, बेटा,” सर म्हणाले आणि उरलेलीही नावं वाचली.

मग एका ठिकाणी ते अडले. त्यांनी तेच वाक्य दोनदा मनात वाचलं आणि खो खो हसायला लागले. त्यात लिहिलं होतं की दिव्यांसाठी दुसऱ्या अमुक क्रमांकाचं मानक पाहावं. डब्यात डबा निघाला होता. शेडमध्ये एकच ओरडा झाला. पण गंमत अशी की कुणी उठून गेलं नाही. दुसरं मानक सगळ्यांनी मिळून मागवायचं तिथल्या तिथं ठरलं, आणि नारायण मिस्त्रीच म्हणाले, “आता आलोच हावोत तर होऊ द्या पुरं.”

रिफ्लेक्टरचं कलम आलं तेव्हा मात्र सगळे कान टवकारून ऐकायला लागले. जमिनीपासून जास्तीत जास्त उंची, बाहेरच्या कडेपासूनचं अंतर, ट्रॉली रिकामी असताना मोजायचं. सरांनी म्यानातून पट्टी काढली, गणेशची सुतळी मागवली आणि गाठीपर्यंत मोजली. मग कागद पाहिला. मग नारायण मिस्त्रींची सुतळी मोजली. सगळ्यांच्या गाठी एका जागी, आणि सगळ्या कागदातल्या मापाच्या चांगली चार बोटं वर.

“हे कसं होईल?” मिस्त्री म्हणाले. “केदारखेड्याची पास झाल्ती. बिलकुल पास झाल्ती. मी सोता तिथं होतो.”

गणेशनं तिथूनच केदारखेड्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. बागायतदार खुशीत होता. ट्रॉली छान चालू आहे म्हणाला. सरांनी विचारलं, पास झाल्यावर तिच्यात काही बदललं का?

“न्हाई, काईच न्हाई,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “टायर तेवढे बदलले, त्याच सालात. आधीचे घासल्ते. ट्रकचे मिळाले, मोठे, ते टाकले. लई उंच झाली आता, चिखलात बिलकुल अडकत न्हाई.”

शेडमध्ये मग जे हसू फुटलं, ते रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली इतकं. वर्षानुवर्षं अख्खा रस्ता ट्रकच्या टायरांची उंची मापत होता. आधीचे साहेब टेप लावत नव्हते म्हणून सगळं खपून गेलं होतं. नारायण मिस्त्री हसता हसता डोळे पुसत होते. गणेश मात्र हसत नव्हता. तो ट्रॉलीमागे उकिडवा बसला होता आणि सर सांगतील तिथं खडूनं खूण करत होता. खूण झाल्यावर त्यानं इतका मोठा श्वास सोडला की तो मला शेडच्या दारात ऐकू आला.

दिव्यांचं मानक आलं, तेही तसंच वाचलं, आणि ट्रॉली पास झाली. साहेबांनी टेप गुंडाळला, सही केली आणि सरांना बाजूला घेऊन विचारलं, “सर, तुमच्याकडची ती प्रत मला एक दिवस मिळेल का? आमच्याकडे लोक रोज विचारतात.”

“देता येत न्हाई, साहेब. देऊ नये म्हणून लिहिलंय,” सर म्हणाले. साहेबांचा चेहरा पडला. “पण तुम्ही चहा सांगा, मी वाचून दाखवतो.” आणि खरंच, जेवणाच्या सुट्टीत सरांनी त्या ऑफिसात बसून सगळं कलम वाचलं. साहेबांनी प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ परत सरांना सांगितला. गणेश बाहेर ट्रॅक्टरवर बसून वाट पाहत होता, आणि वाट पाहणं इतकं सुखाचं असतं हे आपल्याला त्या दिवशी कळलं, असं तो म्हणतो. त्याच्या बायकोनं मिलचा डबा संध्याकाळी भंगारवाल्याला दिला.

सर मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. बोलल्याप्रमाणे ते भांडले. दिसेल त्या आमदाराला, येईल त्या अधिकाऱ्याला, सभेत, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत तोंडावर विचारत राहिले, की आम्ही जे पाळायचं ते आम्हाला वाचायला का मिळू नये? लोक हो हो म्हणायचे. काही जण त्यांना लांबून पाहून रस्ता बदलायचे. त्यांच्यामुळेच काही झालं असं मी म्हणणार नाही. देशात असं विचारणारे आणखीही असतील. पण एके दिवशी गणेश धावत दुकानात आला आणि म्हणाला, “ताई, त्या मानकाचा नंबर टाकून बघा.” मी टाकला. मानक उघडलं. पैसे मागितले नाहीत, पानांवर कुणाचं नाव नव्हतं. दिव्यांचंही उघडलं. मला एकदम हलकं वाटलं, एखाद्या आजारी माणसाचा ताप उतरल्यावर घरात वाटतं तसं. सरांना फोन केला तर ते म्हणाले, “पुरं उघडलं का? शेवटचं पान बघ.” शेवटचं पानही होतं. मी तसं सांगितलं. मग पलीकडं सर भाभींना हाका मारताना ऐकू आले.

त्यानंतर डोळ्यांनी त्यांना दगा द्यायला सुरुवात केली, आणि मुलीनं त्या दोघांना हैदराबादला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला घरी गेले तर भाभी म्हणाल्या, ते शेडमध्ये आहेत. मी तिकडे गेले. दुपारची जेवणं झाली होती. ट्रॉलीवाले नेहमीसारखे कुणी टायरवर, कुणी पाट्यावर बसले होते. काहीतरी नवीन मानक आलं होतं आणि गणेश ते मोबाइलवरून वाचत होता. अडखळत, एकेक इंग्रजी शब्द फोडत, मग आपल्या बोलीत त्याचा अर्थ लावत. एक अर्थ त्यानं साफ चुकीचा लावला. नारायण मिस्त्रींनी त्याला थांबवलं, दोघांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, वाद घातला आणि बरोबर अर्थावर आले.

मला वाटलं, आता सर काहीतरी बोलतील. पाहिलं तर सर खुर्चीत झोपले होते. मान एका बाजूला, हात मांडीवर मोकळे, तोंड जरासं उघडं, आणि बारीक घोरणं चालू. कुणीतरी त्यांना हलवायला पुढं झालं. गणेशनं त्याचा हात धरला, मान हलवून नको म्हणाला, आणि आवाज थोडा खाली आणून पुढचं कलम वाचायला लागला.